'आपला विषय नाही' म्हणणाऱ्या आमच्या मंडळाच्या कमिटीला

अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि कमिटीतल्या बाकी सगळ्या मंडळींना नमस्कार,

हे मी ग्रुपवर टाकलं असतं तर दोन अंगठे आणि एक 'कृपया मंडळाशी संबंधित पोस्ट करा' एवढंच पदरात पडलं असतं, म्हणून उघडच लिहितेय. प्रस्ताव अगदी साधा होता. लॉरेन हॅन्सबेरी या ब्लॅक लेखिकेचं 'अ रेझिन इन द सन' हे नाटक आपल्या शिकागोत परत स्टेजवर येतंय, मंडळाने रविवारच्या दुपारच्या प्रयोगाचं ग्रुप बुकिंग करावं, एक बस करावी, कॉलेजला जायच्या वयाची पोरं बरोबर घ्यावी. मिनिट्समध्ये उत्तर आलं की नाटक गंभीर आहे, थिएटर साउथ साइडला, म्हणजे शहराच्या बरीचशी काळ्यांची वस्ती असलेल्या भागात आहे, आणि वर्णभेद हा 'आपला विषय नाही'. झालं, पुढचा मुद्दा दिवाळीचा केटरर.

पहिल्या दोन कारणांवर फार वेळ घालवत नाही. गंभीर म्हणाल तर पहिल्या अंकात लोक खळखळून हसतात, आणि नसते हसले तरी ज्या मंडळात पन्नाशीच्या पुढची निम्मी जनता 'आमच्या वेळची नाटकं कशी होती' यावर तासभर बोलू शकते त्या मंडळाने गंभीर नाटकाला घाबरावं हे काही पटत नाही. आणि साउथ साइड? सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम कुठाय हो? दर उन्हाळ्यात पोरांना घेऊन जातो तिकडे, तेव्हा कोणी सेफ्टीचं बोलत नाही. शिकागो युनिव्हर्सिटी कुठाय? तिथे पोरीला अ‍ॅडमिशन मिळाली की आपण पेढे वाटतो. म्हणजे साउथ साइडला पोरं राहिलेली चालतात, दुपारी तीनचं नाटक चालत नाही.

आता तिसरं कारण. पत्र त्याच्यासाठीच लिहितेय.

ज्यांनी पाहिलं नाहीये त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. साउथ साइडला यंगर नावाचं ब्लॅक कुटुंब, दोन-अडीच खोल्यांत पाच माणसं, संडास-बाथरूम बाहेर पॅसेजमध्ये शेजाऱ्यांबरोबर कॉमन, सकाळी आधी नंबर कोण लावणार यावरून धावपळ, नातू ट्रॅव्हिस बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपतो कारण त्याला दुसरी जागाच नाही. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाला पहिली दहा मिनिटं समजावून सांगायची गरज पडू नये. वडील वारलेत, त्यांच्या विम्याचा दहा हजार डॉलरचा चेक यायचाय. मुलगा वॉल्टर एका गोऱ्या माणसाचा ड्रायव्हर, त्याला दारूचं दुकान टाकायचंय. मुलगी बेनीथा, तिला डॉक्टर व्हायचंय. आई लीना कोणाला न विचारता त्यातले साडेतीन हजार एका घराच्या डाउनपेमेंटला भरून मोकळी होते. घर क्लायबोर्न पार्कमध्ये, म्हणजे सगळी गोऱ्यांची वस्ती. आणि इथे आई काही क्रांतीबिंती करायला निघालेली नसते, ती सरळ सांगते की कमीत कमी पैशात चांगल्यात चांगलं घर हेच मिळालं, कारण काळ्यांसाठी म्हणून लांब कुठेतरी जी घरं बांधतात त्यांची किंमत दुप्पट असते. आपण घर घेताना जे केलं तेच. स्कूल डिस्ट्रिक्ट, अंगण, हप्ता किती बसतो.

मग सामान हलवायच्या दिवशी, खोकी बांधून तयार, घरात सगळे खुशीत, दारावर टकटक होते आणि एक गोरा माणूस आत येतो. कार्ल लिंडनर. हातात हॅट आणि ब्रीफकेस. सगळ्या नाटकात महत्त्वाचं गोरं पात्र हे एकच. क्लायबोर्न पार्कच्या रहिवासी संघटनेकडून आलोय म्हणतो, नवीन शेजाऱ्यांचं स्वागत करणाऱ्या कमिटीचा अध्यक्षच आहे तो, आणि हे बिचारे त्याला खुर्ची देतात, काही प्यायला हवं का विचारतात. तो आवाज चढवत नाही. धमकी देत नाही. तो म्हणतो आमच्याकडची माणसं साधी आहेत, कष्टाची आहेत, पै-पै जमवून घरं केलीयत, माणसाला आपल्यासारख्याच लोकांत राहावंसं वाटतं त्यात चूक काय, यात वर्णाचा काहीएक संबंध नाही बरं का, फक्त आमच्या लोकांचं असं मत पडलंय की तुम्ही लोक तुमच्या वस्तीतच जास्त सुखी असता. आणि मग ब्रीफकेसमधून कागद काढतो, तुम्ही भरलेत त्यापेक्षा जास्त पैसे देऊन घर आम्ही परत घेतो. वॉल्टर त्याला बाहेर काढतो तरी जाताना कार्ड टेबलावर ठेवून जातो. आई नंतर येते आणि विचारते, धमकी दिली का त्याने? तर पोरगी म्हणते, छे, आता तसं नाही करत ते, बंधुभावावर बोलत होता.

१९५९ च्या मूळ प्रयोगात आणि १९६१ च्या सिनेमात हा लिंडनर जॉन फीडलर नावाच्या नटाने केला होता. नाव ओळखीचं नसेल पण आवाज तुमच्या घरातल्या प्रत्येक पोराने ऐकलाय, कारण हाच माणूस पुढे कित्येक वर्षं विनी द पूच्या कार्टूनमधल्या पिगलेटचा आवाज होता. तो पातळ, घाबरट, कोणालाही न दुखावणारा आवाज. मला हे कळलं तेव्हापासून तो सीन आठवला की अंगावर काटा येतो, कारण कास्टिंग करणाऱ्याला किती अचूक कळलं होतं की हा माणूस गुंड दिसता कामा नये.

आता मंडळी, जरा गेल्या वर्षीची आपल्या टाउनमधली ती जाहीर सुनावणी आठवा. बंद पडलेल्या दुकानांच्या जागेवर परवडणाऱ्या भाड्याची अपार्टमेंट्स बांधायचा प्रस्ताव होता, आणि आपल्यातले किती जण तिथे माइकसमोर उभे राहिले होते, मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. आमचा कोणालाच विरोध नाही. आम्ही खूप कष्टाने इथे आलोय. शाळांवर ताण येईल. ट्रॅफिक वाढेल. प्रॉपर्टी व्हॅल्यूचं काय. अशा लोकांना इथे सोयीचं पडणार नाही, बस नाही, काही नाही. एकही वाक्य असं नव्हतं की ज्याला कोणी बोट लावेल. आणि एकही वाक्य असं नव्हतं जे लिंडनरच्या तोंडी घातलं तर शोभणार नाही. ट्रॅफिकची काळजी खरी असू शकते, मी नाही म्हणत नाही, मलाही सकाळी त्याच सिग्नलला पंधरा मिनिटं लागतात. पण सुनावणीनंतर पार्किंगमध्ये 'अशा लोकांना' म्हणजे कोणाला ते जे बोलणं झालं ते मराठीत झालं, आणि ते मी इथे लिहीत नाही, ज्यांनी केलं त्यांना माहितीय.

म्हणून 'आपला विषय नाही' हे वाचल्यावर मला हसू आलं आणि संतापही आला. आपल्याला वाटतं वर्णभेदाच्या नाटकात आपण प्रेक्षक, फार तर थोडे यंगर, आपल्यालाही कधीतरी कोणीतरी 'परत जा' म्हणालेलं असतं ना. पण आता आपल्याकडे चार बेडरूमचं घर आहे, एचओए म्हणजे घरमालकांची सोसायटी आहे, आपले दोन लोक त्या एचओएच्या बोर्डावर आहेत. त्या सीनमध्ये आपण नेमके कुठल्या खुर्चीत बसलोय हे एकदा अंधारात बसून बघायला काय हरकत आहे?

आणि हे नाटक कोणी हवेतून नाही लिहिलेलं. लॉरेनचे वडील कार्ल हॅन्सबेरी शिकागोतले घरांचे व्यापारी, त्यांनी १९३७ मध्ये ६१४० साउथ ऱ्होड्स अ‍ॅव्हेन्यूला घर घेतलं. त्या भागात घरमालकांनी आपापसात करार केलेला होता की काळ्या माणसाला घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. असे करार तेव्हा शिकागोत सर्रास होते, कोर्टात चालायचे, आणि ज्या युनिव्हर्सिटीसाठी आपण पेढे वाटतो तिचासुद्धा त्यांना पाठिंबा होता. घराबाहेर जमाव जमला, वीट की काँक्रीटचा तुकडा काचेतून आत आला आणि सात-आठ वर्षांच्या लॉरेनला थोडक्यात चुकला. वडील केस लढायला बाहेर, आणि आई रात्री भरलेलं जर्मन पिस्तूल घेऊन घरात पहारा देतेय, हे लॉरेनने स्वतः नंतर लिहून ठेवलंय. केस इलिनॉयच्या कोर्टात हरले, मग सुप्रीम कोर्टात गेले आणि नोव्हेंबर १९४० मध्ये जिंकले. जिंकले तेही कसं बघा. कोर्टाने करार वाईट आहे असं काही म्हटलंच नाही, एवढंच म्हटलं की आधीच्या ज्या केसमध्ये हे लोक नव्हतेच तिचा निकाल यांच्यावर लादता येत नाही. त्या करारावर ९५ टक्के मालकांच्या सह्या हव्या होत्या आणि प्रत्यक्षात जेमतेम ५४ टक्के होत्या, ते आधीच्या केसमध्ये कोणी तपासलंच नव्हतं! असले करार कोर्टातून अंमलात आणता येणार नाहीत हे ठरायला १९४८ उजाडलं. तोपर्यंत कार्ल हॅन्सबेरी या देशाला कंटाळून मेक्सिकोला कायमचं जायच्या तयारीत होते, आणि तिथेच १९४६ मध्ये वारले.

एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण उगाच कोणाला देव करायचं नाहीये. हेच वडील मोठे फ्लॅट तोडून त्याच्या एक-एक खोल्या करून काळ्या भाडेकरूंना द्यायचे, 'किचनेट' म्हणायचे त्याला. त्यांना 'किचनेट किंग' म्हणत. म्हणजे यंगर कुटुंब ज्या तसल्या कोंदट घरात राहतं त्याच धंद्यावर लॉरेनचं बालपण सुखात गेलं. मला वाटतं नाटकात ती घाण, ती झुरळं, तो कॉमन संडास इतका नेमका उतरलाय त्यात याचाही वाटा असणार, पण हे माझं मत.

सह्यांचे करार गेले म्हणून प्रश्न गेला असंही नाही. १९५१ मध्ये आपल्या शेजारच्या सिसेरोमध्ये एका ब्लॅक कुटुंबाने फ्लॅट भाड्याने घेतला तर हजारो लोकांनी बिल्डिंगवर हल्ला केला, नॅशनल गार्ड बोलवावं लागलं. १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग घरांच्याच प्रश्नावर शिकागोत मोर्चा काढत होते, मार्क्वेट पार्कला त्यांच्या डोक्यात दगड बसला. त्यांचा खून झाला ४ एप्रिल १९६८ ला, आणि फेअर हाउसिंग कायद्यावर सही झाली ११ एप्रिलला. आता कान देऊन ऐका. त्या कायद्यात वंश आणि रंगाबरोबर 'मूळ देश' हाही शब्द आहे. म्हणजे आपल्या आडनावाकडे बघून बिल्डर किंवा मालक घर नाकारू शकत नाही ते या कायद्यामुळे. आणि आपल्याला व्हिसा मिळाला तो १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे, त्याच्या आधी अख्ख्या भारताला वर्षाला शंभर माणसांचा कोटा होता, शंभर! तो बदल सिव्हिल राइट्सच्या त्याच लाटेत आला. आपले जे काका लोक सत्तरच्या दशकात खिशात आठ डॉलर घेऊन आलो म्हणून दर गणपतीला सांगतात, त्यांच्यासाठी दार कोणी उघडलं होतं ते मात्र कोणी सांगत नाही.

बरं, मराठी म्हणून संबंध हवाच असेल तर तोही आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्या गुलामांना मुक्त केलं त्यांना अर्पण केलं, पुण्यात बसून. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये इथले ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं, अस्पृश्यांची आणि इथल्या निग्रोंची परिस्थिती सारखी आहे म्हणून, आणि डुबॉइसनी उत्तरही दिलं. त्याच डुबॉइसकडे पुढे लॉरेन हॅन्सबेरी न्यूयॉर्कला शिकली. एप्रिलमध्ये आपण फुले आणि बाबासाहेब दोघांच्या जयंतीचा एकत्र कार्यक्रम करतो, हार घालतो, फोटो काढतो. त्या कार्यक्रमाला 'आपला विषय नाही' असं अजून तरी कोणी म्हणालेलं नाही. आणि पुण्या-मुंबईत आडनाव विचारून, धर्म विचारून, काय खाता ते विचारून फ्लॅट देतात हे तर आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, मग या नाटकात कळायला अवघड असं नक्की काय आहे?

कोणीतरी म्हणालं सिनेमा आहे ना, घरी बघू. बघा की, सिडनी पॉटिए आहे त्यात, मूळ नाटकातही तोच होता. पण मी २०१४ ला न्यूयॉर्कला डेन्झेल वॉशिंग्टनचा प्रयोग पाहिला होता, ज्या एथेल बॅरीमोर थिएटरला ११ मार्च १९५९ ला पहिला ब्रॉडवे प्रयोग झाला त्याच थिएटरात. वॉल्टर पस्तिशीचा आणि हा साठीला टेकलेला, म्हणून त्यांनी वय चाळीस करून टाकलं होतं, तरी पहिली पाच मिनिटं मला ते खटकलंच. पण तिसऱ्या अंकात, जेव्हा उरलेले सगळे पैसे वॉल्टरच्या दुकानातल्या भागीदाराने, त्या विली हॅरिसने पळवलेत आणि वॉल्टर लिंडनरला फोन करून बोलावतो, घर परत द्यायला, आणि घरच्यांना करून दाखवतो की मी गोऱ्या साहेबासमोर गुडघ्यावर कसा बसणार, कसा लाचार बोलणार, तेव्हा आजूबाजूची हजारभर माणसं श्वास घेत नव्हती. ते सोफ्यावर बसून, मध्ये पॉज करून चहा टाकून होत नाही. मग लिंडनर येतो, वॉल्टरची बायको रूथ पोराला खाली पाठवायला बघते, आणि आजी म्हणते नाही, ट्रॅव्हिस इथेच थांबेल, तू काय करतोयस ते त्याला कळू दे. पोरगं समोर उभं असताना वॉल्टरच्या तोंडून ते शब्द निघत नाहीत. तो अडखळत अडखळत वेगळंच बोलायला लागतो, की माझ्या बापाने हे घर कमावलंय, आम्ही येणार, चांगले शेजारी व्हायचा प्रयत्न करू. भाषण म्हणून काही ग्रेट नाहीये ते. बोलता न येणारा माणूस बोलतो तसं आहे.

मी पोरांना घेऊन चला म्हणते ते या ट्रॅव्हिसमुळे.

आणखी एक, पुनरुज्जीवन म्हणजे तेच जुनं परत असं समजू नका. १९५९ ला काही प्रवेश कापले होते. बेनीथा केस सरळ करणं सोडून नैसर्गिक केसांत येते तो, आणि मिसेस जॉन्सन नावाची भोचक शेजारीण पेपर घेऊन येते, त्यात गोऱ्या वस्तीत राहायला गेलेल्या काळ्या कुटुंबाच्या घरावर बॉम्ब टाकल्याची बातमी असते, तो. हे नंतरच्या प्रयोगांत हळूहळू परत आले. शेजारीण नसली की शेवट गोड वाटतो, सगळे नव्या घरी निघाले, टाळ्या. ती असली की प्रेक्षकाला माहीत असतं की ट्रक जिथे थांबणार तिथे काय वाट बघतंय. इथल्या प्रयोगात ती ठेवलीय का ते मी बॉक्स ऑफिसला फोन करून विचारणार आहे, आणि ठेवली नसली तरी मी जाणारच आहे, फक्त थोडी चिडून.

आणि ते 'त्यापेक्षा आपणच मराठीत बसवू' वाल्यांसाठी. कल्पना वाईट नाही, हक्क रीतसर घ्यावे लागतील, पण मिटिंगमध्ये मेकअपबद्दल जो विनोद झाला तो तिथेच पुरा. तोंडाला काळं फासून या देशात स्टेजवर उभं राहायचं नसतं, आणि खरं तर कुठल्याच देशात नसतं.

तर मागणी एवढीच आहे. पुढच्या मिटिंगच्या अजेंड्यावर हा विषय परत घ्या. ग्रुप रेटला किमान किती तिकिटं लागतात ते मी विचारून ठेवते, पैसे मंडळाने घालायची गरज नाही, ज्याने त्याने आपापलं तिकीट काढावं, मंडळाने फक्त ईमेल पाठवावा आणि बस ठरवावी. 'ब्लॅक हिस्टरी मंथनिमित्त उपक्रम' असं काही वर लिहू नका, नुसतं 'नाटकाला जाऊया' लिहा. आणि आपले जे दोघं एचओए बोर्डावर आहेत त्यांची तिकिटं माझ्याकडून.

तुमची,
मंडळाची एक जुनी आजीव सभासद